इटलीत असंच असते

प्रभाकरराव पराते पोळी लाटतात आणि मग ती वाचतात. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र सरकवलेलं असतं. काचेवर पोळी पसरायची आणि खालची बातमी वाचता येते का, ते बघायचं. नुसता मथळा दिसला तर पोळी नापास. तिचा पुन्हा गोळा होतो. बारीक अक्षर लागलं, तरच ती पुढे जाते. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून, पिठाच्या पापुद्र्यातून मला नळाच्या पाण्याची बातमी वाचून दाखवत होते.

ही पोळी तव्यावर जात नाही. तिचा पास्ता होतो. पाकिटातला नव्हे, घरी मळलेला.

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये मी तळमजल्यावर राहतो, प्रभाकरराव दुसऱ्या मजल्यावर. त्यांची सगळी नोकरी सिंचन खात्यात नकाशे काढण्यात झाली. निवृत्त झाले तरी स्टीलची पट्टी सुटली नाही. आता ती स्वयंपाकघरात असते. पास्त्याच्या फिती ते तिच्यानं कापतात, बोटभर रुंद. एखादी फीत वाकडी गेली तर बाजूला काढतात आणि तिच्याकडे जुन्या कनिष्ठ सहकाऱ्याकडे बघावं तसं बघतात.

ही विद्या मोबाइलवरून शिकलेली. इटलीतली कोणी म्हातारी पीठ मळून दाखवते, तिची भाषा यांना कळत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बोलणं कायले समजाले पाहिजे? हात दिसते नं तिचे." मैदा, बारीक रवा, अंडी. मळून झालं की ओल्या फडक्याखाली अर्धा तास. त्या अर्ध्या तासात ते कोणाशी नीट बोलत नाहीत.

या सगळ्याचं नवल वाटायचं कारण पराते म्हणजे सावजी घर. वडिलांचा हातमाग होता आणि आईच्या हातचं मटण असं, की खाणाऱ्याच्या कानातून धूर निघावा. ती चव प्रभाकररावांच्या हातात उतरली होती. पत्नी गेल्यावरही रविवारी दुसऱ्या मजल्यावर मसाला भाजला की तळमजल्यावर आम्हाला ठसका लागायचा. तो वास एकाएकी थांबला. मग काही महिन्यांनी ते खाली आले आणि रविवारी जेवायला या म्हणाले. मला, माझी बायको सुनंदा हिला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मिश्राजींना.

त्या जेवणाला नियम होते. तिखट नाही. मिरपूड नाही, लसूण नाही, टमाटरसुद्धा नाही. लोणी, दुधाची साय आणि सदर बाजारातून आणलेलं चीज, बस्स. सरळ रेषेत कापलेल्या त्या सुंदर फिती उकळून झाल्या की सुरीनं बारीक चिरायच्या. काटा नाही, चहाचा चमचा. प्रत्येकानं गळ्यात पंच्याएवढा नॅपकिन बांधायचा. आणि पाऊण तास कोणी उठायचं नाही.

मिश्राजी बिचारे दहा मिनिटांत जेवणारे. त्यांनी विचारलं, "पराते साहब, इतनी मेहनत से लंबा काटा, फिर टुकडे काहे?"

"इटलीत असंच असते," प्रभाकरराव म्हणाले.

नॅपकिन काहून? इटलीत असंच असते. इतकं हळू काहून? इटलीत असंच असते. आम्ही तीन शहाणीसुरती माणसं गळ्यात पंचे बांधून, बाळाच्या चमच्यानं, पाऊण तास अळणी पास्ता खात बसायचो. खाली आल्यावर सुनंदा मला हिरवी मिरची आणि भाकरी वाढायची. तरी आम्ही दर रविवारी जात राहिलो. एकट्या माणसाला सोबत लागते, असं आपलं आम्ही धरून चाललो होतो.

एकटे म्हणजे अगदी एकटे नव्हते. दीड वर्षापूर्वी उमरेडहून त्यांचा धाकटा भाऊ वसंता राहायला आला होता. तिथे त्याचं शिलाईचं दुकान होतं. तब्येत बरी नसते, एवढंच प्रभाकररावांनी सांगितलं होतं. जिन्यात दोनदा दिसला, दोन्ही वेळा तोंडाला दुपट्टा. मे महिन्यात नागपुरात सगळेच तोंड बांधून फिरतात, म्हणून मला काही वाटलं नाही. रविवारी आमची पानं मांडली की एक ताटली आतल्या खोलीत जायची आणि दार लागायचं.

दिवाळीत आमची मुलगी आली. ती पुण्याला मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करते. तिला सगळं सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, बाबा, इटलीत पास्ता असा चिरला तर लोक पानावरून उठून जातील. लसूण नाही, टमाटर नाही, हे कुठलं इटली?

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला दुसऱ्याची चूक सापडली की ती सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. रविवारची वाट न बघता मी मंगळवारी दुपारीच वर गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

टेबलाशी दोघे भाऊ समोरासमोर बसले होते, दोघांच्या गळ्यात नॅपकिन. वसंताच्या चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली होती, जबडा काढल्यासारखी. तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. त्या फटीतून तो चमचा आत ढकलायचा, थोडं आत जायचं, थोडं नॅपकिनवर पडायचं. समोर प्रभाकरराव तसंच तोंड आवळून, तितकंच हळू खात होते. त्याचा चमचा झाला की यांचा. मला पाहताच वसंता उठला आणि आत गेला. दार लागलं.

प्रभाकरराव मला गॅलरीत घेऊन गेले. 

"खर्रा," ते म्हणाले. आमच्याकडची घोटलेली तंबाखू-सुपारी. "तीस वर्षं मी खाल्ला, सर. पयली पुडी त्याले मीच देल्ली. मले काही झालं नाही. त्याचा जबडा गेला."

मग तुटक तुटक सांगितलं. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर तोंडात तिखटाचा कण सहन होत नाही. खिचडी, पेज दिली तर वसंता ताटली सरकवून द्यायचा; हे मरणाऱ्याचं जेवण आहे म्हणायचा. म्हणून प्रभाकररावांनी असं काही शोधलं, जे मऊ आहे, पण पाहुण्याला वाढता येतं. तो खाऊ लागला. पण माणसांत यायला तयार नव्हता. अन्न सांडतं, लोक बघतील, आपण अर्धं खाईपर्यंत सगळे हात धुऊन बसतील, म्हणायचा.

"तुमचं जेवण तो दाराच्या फटीतून पाहून राहिला इतके दिवस," ते म्हणाले. "सगळ्यायच्या गळ्यात फडका, सगळे सावकाश. भरोसा आला तं येईल."

मुलगी काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं नाही. सुनंदालाही काही बोललो नाही. जी तालीम न कळता चालली होती, ती तशीच चालावी असं वाटलं.

त्यानंतर तीन रविवार दार बंदच राहिलं. चौथ्या रविवारी आम्ही नॅपकिन बांधत असताना ते उघडलं आणि वसंता येऊन बसला. दुपट्टा नव्हता.  प्रभाकररावांनी वाढलं, पण स्वतः बसले नाहीत. पातेलं हातात धरून उभेच राहिले. वसंताचा पहिला चमचा अर्ध्याहून जास्त नॅपकिनवर सांडला. त्याचा हात थांबला. मिश्राजींनी मान वर केली नाही. त्यांनी आपल्या चमच्यात दोनच तुकडे घेतले आणि ते चावत राहिले.

सुनंदा त्याच्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही शिलाईचं काम करता ना? बैठकीचे पडदे धुतल्यावर आखूड झाले माझे. काही करता येईल का?"

वसंतानं तिच्याकडे पाहिलं. उत्तर यायला फार वेळ लागला. ती चमचा हातात धरून थांबली.

"किती... आखूड?" त्यानं विचारलं. शब्द जड होते, पण कळत होते.

प्रभाकरराव वळून स्वयंपाकघरात गेले. काही मदत हवी असेल म्हणून मी मागे गेलो. सगळ्यांना पुरून उरेल एवढं झालेलं असताना ते ओट्यावर नवा गोळा लाटत होते. पोळीच्या केव्हाच चिंध्या झाल्या होत्या, तरी लाटणं फिरत होतं. बाहेर वसंता सांगत होता, की खाली वेगळ्या रंगाची पट्टी जोडली तर जोड लपत नाही, शोभतो. एकेका शब्दाला थांबत, ओठाचा कोपरा पुसत, तो कापड किती लागेल ते सांगू लागला.

"दीड वर्षानं बोलून राहिला बाहेरच्या माणसाशी," प्रभाकरराव माझ्याकडे न बघता म्हणाले. "तो पंखा बंद करा, सर. आयकू द्या."

मी भिंतीतला पंखा बंद केला. गॅसवर पास्त्याचं पाणी खदखदत होतं. त्याचाही आवाज होत होता, म्हणून त्यांनी गॅस बंद केला.