दहाव्या वाट्याचा तह, मुक्काम देवळी

शके एकोणीसशे सेहेचाळीस, फाल्गुन अखेर, मौजे नालवाडी, प्रांत वर्धा. येथील कलापथकाचे दप्तरी मोठा गहजब जाहला, आणि तो कैसा निवारिला, हे पुढे कोणी पथक काढील त्यास ठाऊक असावे म्हणोन सविस्तर लिहिले असे.

पथकाची फडणिशी रूपालीबाईंकडे. बाई शाळेत मास्तरीण, हिशेबास चोख, परंतु स्वभावे भिडस्त, आणि मनकर्णाबाईंपुढे तो विशेष भिडस्त. मनकर्णाबाई म्हणजे पथकाचा तोफखाना. उमर सडुसष्ट, आवाज ऐसा की माईक बंद पडला तरी भीमगीत तीन गल्ल्या ओलांडोन जावे. त्यांची सालाची बिदागी साठ हजार. तो वर्धेचे कर सल्लागार वासुदेवराव यांचा खलिता आला की, रक्कम मर्यादेबाहेर गेली, सबब दहावा हिस्सा टीडीएस कापोन सरकारांत भरावा, न कापिल्यास दंड पथकाचे माथी. मग रूपालीबाईंनी मन घट्ट करोन सहा हजार कापिले, आणि चोपन्न हजार बाईंचे खाती रवाना केले, आणि फोन बंद करोन ठेविला.

दुसरे दिवशी मनकर्णाबाई पासबुक घेऊन जातीने शाळेच्या फाटकाशी दाखल. रूपालीबाईंनी परोपरी समजाविले की, पैका बुडाला नाही, तुमचेच नावे जमा आहे, आयकराचे विवरण भरिता माघारा येईल. बाईंनी सर्व ऐकोन घेतले आणि पुसिले, "हा टीडीएस कोन होय? समुद्रपूरच्या कार्यक्रमाले होता का आपल्यासंगं?"

रूपालीबाईंनी पुन्हा पासबुकावरील आकडा दाखविला, तो बाईंनी ते मिटोन काखेत मारिले.

"दहावा वाटा नेला, तं दहावा वाटा गाऊन दाखव म्हना त्याले. नाई तं मी देवळीले येत नाई."

देवळीस भीमजयंतीचा कार्यक्रम पंधरवड्यावर. इसार घेऊन त्यातून नवा पेटीबाजा घेतलेला, आणि देवळीकरांनी फलकावर मनकर्णाबाईंचेच चित्र छापिलेले. अवघे पथक हवालदिल जाहले. ढोलकीबहाद्दर अश्वजित यांनी मसलत दिली की, टीडीएस म्हणोन मीच उभा राहतो. परंतु मनकर्णाबाई त्यांस पाळण्यापासोन ओळखीत, सबब ती मसलत बाद.

मग रूपालीबाईंनी स्कूटीवर मांड ठोकिली, आणि भर उन्हात वासुदेवरावांचे कचेरीवर चालोन गेल्या. रावांनी घटकाभर कायद्याची कलमे सांगितली. बाई ऐकत राहिल्या, आणि मग पिशवीतून झांज काढोन त्यांचे फायलींवर ठेविली.

"कापा म्हनून तुमीच सांगतलं, सर. आता गावंही तुमालेच लागते."

रावांनी उजर केला की, आपण शाळेतील प्रार्थनेपलीकडे कधी गायिलो नाही. रूपालीबाई खुर्चीवरोन हलल्या नाहीत. दिवेलागणीस राव शरण आले.

देवळीस वीस गाणी ठरली, पैकी दहावा हिस्सा दोन. वासुदेवराव इस्त्रीचा सदरा लेवोन टीडीएसचे वतीने कोरसात उभे राहिले, झांज ठेक्याचे मागे अर्धा कोस. पहिल्या गाण्यास घामाने भिजले, दुसऱ्यास मान हलों लागली, आणि तिसऱ्यास वाटा फिटला असता राव खाली उतरेनात. अश्वजितांनी कोपर मारिले, व्यर्थ. राव दहाव्या गाण्यापर्यंत झुंजले, आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

मनकर्णाबाई पाण्याचा घोट घेऊन रूपालीबाईंस हळूच वदल्या, "पाह्य, सरकारचं असंच असते. सांगतला दहावा, नेला निम्मा."

आणि हसल्या. तेव्हा कोठे रूपालीबाईंचे जिवात जीव आला.

तह ऐसा ठरला की, मनकर्णाबाईंनी विवरणावर सही द्यावी आणि पथकात राहावे. श्रावणमासी सहा हजार बाईंचे खाती सुखरूप पोहोचले. वासुदेवरावांस पाचशे रुपये बिदागी दिली, ती मर्यादेखाली, सबब पैसाही कापिला नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, यश रूपालीबाईंचे, ऐसे पथकाचे वहीत नमूद असे. खाली सही मनकर्णाबाईंची, आणि साक्ष वासुदेवरावांची, हुद्दा झांजवादक.