लाल डोळ्याची टिबुकली

लग्नाचे फोटो काढण्यात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या संभाजीनगरात नाय! रडणारी नवरी, घोड्यावरून घसरणारा नवरदेव, पंगतीकडं पळणारे वऱ्हाडी, सगळे मी हलते असतानाच टिपलेत. त्यामुळं अंथरुणातून दादा म्हणाला, "माझी काळ्या मानेची टिबुकली बघायची राहिली बघ," तेव्हा मी छाती ठोकून सांगितलं, "एवढंच ना? एक पाणपक्षीच तर! दुपारपर्यंत फोटो आणतो!"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, रामेश्वर. शहरातल्या पक्षी बघणाऱ्यांत त्याचा शब्द म्हणजे हायकोर्टाचा निकाल! आजवर एकही पक्षी त्यानं चुकीचा ओळखला नव्हता. आता आजारानं तो खाटेला खिळला होता, आणि डॉक्टरांनी औषधं बदलायचंसुद्धा थांबवलं होतं.

"नाथसागर धरणावर आलीय म्हणतात," दादा धापा टाकत म्हणाला. "एरवी ही हिवाळ्यात समुद्राकडं जाते. पण कृष्णा, हिवाळ्यात तिची मान काळी नसते बरं का. करडी होते."

"मग काळ्या मानेची कशाला म्हणायचं?"

"डोळा बघ. लालभडक असतो. आणि चोच जराशी वर वळलेली. आपल्या साध्या टिबुकलीचं तसं नसतं."

बिडकीन गाव मागं टाकून मी नाथसागर गाठला आणि काठावरच्या चिखलात पोटावर पसरलो. समोर एक भुरकट पक्षी तरंगत होता. कॅमेरा रोखला. डुबुक! पक्षी गायब! इकडं शोधतोय तर बाई तिकडं वर! तिकडं वळलो की पुन्हा डुबुक! माझ्याकडं पाण्यावरच्या गोल गोल तरंगांचे इतके फोटो जमले की प्रदर्शन भरवता आलं असतं. दुपार टळली, कंबर लाकडासारखी झाली, तेव्हा कुठं एक फोटो हाती लागला.

तोही धुरकट. नवरीचा असता तर सासूनं तोंडावर फेकला असता! मग दुकानात रोज करतो तेच केलं. मान जरा करडी केली, डोक्यावर काळा रंग चढवला, डोळ्यात थोडा लाल टाकला. खोटेपणा नव्हता हो! पक्षी तोच, अशी माझी पक्की खात्री होती. फोटोच नीट आला नव्हता, तो नीट केला.

दादानं मोबाइल जवळ धरला, लांब धरला. बराच वेळ बघत राहिला.

"लई वेळ चिखलात पडला असशील रे."

"तीच आहे ना?"

"छान आलीय," दादा म्हणाला आणि हसला. दारात उभी असलेली रत्नमाला वहिनी डोळे पुसत आत गेली. तो हसल्याला किती दिवस झाले होते!

मला तेवढंच पुरलं. पक्षीमित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली ठोकून दिलं, 'रामेश्वर दादांनी खात्री केलेली!'

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नाथसागरावर गाड्यांची जत्रा! कुणी जालन्याहून, कुणी पुण्याहून. सगळे दिवसभर थंडीत कुडकुडले. दिसल्या त्या साध्या टिबुकल्या. संध्याकाळी ग्रुपमधले जुनेजाणते पुंडलिकराव चौघांना घेऊन घरी हजर.

"रामेश्वर, हा डोळा रंगवलाय रे! कुणी फसवलं तुला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात दादानं हात वर केला.

"कुणी नाय. रंग मीच वाढवायला सांगितला, नीट दिसावं म्हणून. ओळख माझी. चुकलो."

"तू? चुकलास?"

"व्हय. नजर गेली आता."

वहिनीनं आणलेल्या चहाला कुणी हात लावला नाही. मंडळी निघून गेली.

"दादा, तुला बघताक्षणी कळलं होतं?"

"चोच सरळ होती की. तेवढी वळवायची राहिली तुझी."

"मग स्वतःवर कशाला घेतलंस?"

"मला आता पुढं कुठं पक्षी ओळखायचेत?" दादा डोळे मिटून म्हणाला. "तुला अजून दुकान चालवायचंय."

संक्रांतीच्या आधीच दादा गेला.

शोकसभेत पुंडलिकराव बोलायला उभे राहिले. "रामेश्वर आयुष्यात एकदाच चुकला..." एवढं म्हणून त्यांनी खिशातला रुमाल काढला. मला राहवेना. मी ताडकन उभा राहिलो. "थांबा! ती चूक..."

वहिनीनं माझा सदरा खाली ओढला. "बसा भाऊजी," ती हळूच म्हणाली. "त्यांनी मागून घेतलीय ती. राहू द्या त्यांच्यापाशी."

मी बसलो. उठताना खुर्ची मागं सरकली होती, हे मला जमिनीवर पोचल्यावर कळलं! अख्खी शोकसभा फिस्सकन हसली. वहिनीसुद्धा! मग चार जण धावत आले. "लागलं का हो?"

"लई लागलं!" मी म्हणालो, आणि त्या निमित्तानं सगळ्यांदेखत पोटभर रडून घेतलं.