मूळ भाषकाचा दाखला

भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला प्राध्यापक सबती यांनी जाहीर केलं, की जगातल्या सगळ्या भाषा समान आहेत. हे त्यांनी फ्रेंचमध्ये सांगितलं. ज्यांना फ्रेंच कळलं नाही त्यांच्यासाठी मग ग्रंथांतल्या अरबीत पुन्हा सांगितलं. मागच्या बाकावरच्या इत्तोला दोन्ही वेळा कळलं, पण तिच्या घरी यातली एकही भाषा कुणी बोलत नसे.

इत्तो अ‍ॅटलसच्या डोंगरातून मेक्नेस शहरात शिकायला आलेली. घरची भाषा अमाझिग. शाळेत ती तोंडून निसटली, की गुरुजी कान पिळत. आणि इथे हा टायवाला माणूस सांगत होता, की मूळ भाषक कधी चुकत नसतो, तो बोलेल तेच व्याकरण! इत्तोला भरून आलं. तिने ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग प्रकल्प आला. एका मूळ भाषकाचं दहा मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून आणायचं. नापास होणाऱ्याची वसतिगृहातली खाट जाणार, आणि खाट गेली की इत्तो परत शेळ्यांमागे. तिने गावी जाऊन आईला, यज्जाला, बोलतं केलं. यज्जा गालिचा विणता विणता दहा मिनिटं आपल्या सासूबद्दल बोलली. एक शब्द म्हणून वाया घालवला नाही.

“छान आहे,” सबती म्हणाले. “पण ही बाई मूळ भाषक आहे याला पुरावा काय?”

“उस्ताद, ती माझी आई आहे. तिला दुसरी भाषाच येत नाही.”

“हे तुझं मत झालं. विज्ञानात मताला जागा नाही. दाखला आण.”

दाखला म्हटलं की मुकद्दम आलाच. गावात कोण राहतं, कोण बिनलग्नाचं आहे, कोण गरीब आहे आणि कोण अजून जिवंत आहे, हे बासू मुकद्दमाच्या शब्दावर ठरे. मायलेकी निळ्या कागदातला साखरेचा सुळका घेऊन त्याच्याकडे गेल्या. बासूने आधी साखर आत ठेवली.

“यज्जाबाई, तू इथे राहतेस याचा दाखला देतो. गरीब आहेस याचा तर डोळे मिटून देतो. पण बोलतेस याचा? माझ्याकडे तसा रकानाच नाही गं.”

“चाळीस वर्षं माझ्याशी भांडतोयस मेल्या, ते कुठल्या भाषेत?”

“ते खाजगीत. सरकारी कामात मी तुला बोलताना कधी ऐकलेलं नाही.”

प्रकरण प्रांताच्या कचेरीत गेलं. अर्ज अरबीत होता, म्हणून दुभाषी लागला. इत्तो पुढे झाली, तर मुलगी म्हणून ती हितसंबंधी ठरली. शेवटी तिघांची मूळ भाषक पडताळणी समिती बसली आणि तिने दुभाष्यामार्फत, फ्रेंचमधून, यज्जाची अमाझिग तपासली.

“तुमच्या भाषेत व्यंजनं किती?”

“मोजली नाहीत, साहेब. भांडताना कधी कमी पडली नाहीत.”

‘माहिती अपुरी,’ अशी नोंद झाली. मग तिला कचेरीची पाटी वाचायला सांगितली. पाटीवर तिचीच भाषा नव्याने मान्य झालेल्या लिपीत झळकत होती. यज्जाने ती लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि नक्षी चांगली असल्याचं सांगितलं. निकाल तिथल्या तिथे लागला : सदर महिला सदर भाषा बोलत असली, तरी ती सदर भाषेची मूळ भाषक असल्याचे सिद्ध होत नाही.

साऱ्या प्रांतात दाखलाधारक मूळ भाषक एकच निघाला. किनाऱ्याकडचा अल्लाल कारकून. बढतीसाठी त्याने अमाझिगचा तीन महिन्यांचा वर्ग केला होता आणि शंभरात शहाण्णव मिळवले होते. इत्तोने मुकाट्याने त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. त्याने पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण कागदावरून दहा मिनिटं वाचलं. सबती ते डोळे मिटून ऐकत राहिले. “किती शुद्ध!” म्हणाले आणि विसात अठरा देऊन टाकले. शुद्ध भाषा नावाची गोष्टच नसते, हे त्यांनी दुसऱ्या तासाला सांगितलेलं इत्तोच्या वहीत होतं. पण खाट वाचली होती. तिने वही उघडली नाही.

सुट्टीत तिने ते ध्वनिमुद्रण आईला ऐकवलं.

“कोण गं हा? काय दुखतंय त्याला?”

“आपली भाषा बोलतोय, आई. याला अठरा मिळाले.”

यज्जाचे हात मागावर थांबले. “मग मी इतकी वर्षं काय बोलत होते गं?”

इत्तोने ध्वनिमुद्रण बंद केलं. तेव्हापासून आई फोनवर हं हं इतकंच म्हणू लागली.

वर्षअखेरीस उत्कृष्ट प्रकल्पाचं बक्षीस इत्तोला मिळालं. पालकांना आमंत्रण होतं. यज्जा ठेवणीतला झगा घालून, तीन बस बदलून आली. सभागृहाच्या दाराशी इत्तोने तिचा रुमाल नीट केला आणि हळूच म्हणाली, “आई, आत फार बोलू नकोस हं.”

यज्जाने मान हलवली.

इत्तोला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. त्याआधी फक्त एवढं आठवून बघा : तुमच्या शाळेत आईला भेटायला बोलावलं होतं, तेव्हा घरातून निघताना तुम्ही तिला काय बजावलं होतंत?