मालनबाईंची एकोणिसावी सकाळ

“आई, साखळी हातातून सोडायची नाही. समोरून मोकळं कुत्रं आलं तर पळायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. ताठ उभं राहायचं आणि पोटातून ओरडायचं, ‘हट्!’”

कंपनीच्या कामासाठी दोन महिने अमेरिकेला निघालेल्या शुभंकरनं टॅक्सीत बसता बसता हे सांगितलं होतं. ओरडण्याचं सोडलं तर बाकी सगळं मालनबाईंना जमण्यासारखं होतं.

सून अपेक्षाला सहावा महिना होता आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठायला बंदी केली होती. म्हणून तर मालनबाई अकोटहून वाघोलीच्या या नव्या सोसायटीत आल्या होत्या. आल्या त्याच दिवशी त्यांनी दत्ताला नवस बोलला. बाळ-बाळंतीण सुखरूप राहू दे. मी एकवीस दिवस, उठल्यापासून तुझं दर्शन होईपर्यंत एक अक्षर बोलणार नाही. नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून त्यांनी तो सांगितलाही नाही. फक्त देवळातल्या बाबुराव पुजाऱ्यांना ठाऊक होता, कारण संकल्पाचं पाणी त्यांनीच सोडायला लावलं होतं.

आणि मुलाचं कुत्रं फिरवायचं होतं. ते पांढरं, झुबकेदार, मांजराएवढं. इंटरनेट लागताना फोनच्या तारेतून जसा किंचाळल्यासारखा आवाज येतो, तसं ते भुंकायचं. म्हणून शुभंकरनं त्याचं नाव ठेवलं होतं मॉडेम. दत्ताच्या पायाशी कुत्री असतातच, तेव्हा याला देवळाच्या दारापर्यंत नेलं तर देव रागावणार नाही, असं मालनबाईंच्या मनानं घेतलं. सकाळी सहाला एका हातात साखळी, दुसऱ्या हातात फुलांची परडी घेऊन त्या निघत.

वाटेत दत्तोबांचा बंगला होता. शेत बिल्डरला गेलं होतं, पण शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायचा आवाज दत्तोबांकडेच राहिला होता. त्यांचा सरदार नावाचा कुत्रा वासराएवढा होता आणि त्याच्या गळ्यात पट्टासुद्धा नव्हता.

पहिल्याच दिवशी सरदार फाटकातून बाणासारखा आला. मालनबाई ताठ उभ्या राहिल्या. मॉडेम त्यांच्या पदरात शिरला.

“काय करत न्हाई त्यो!” ओट्यावरून दत्तोबा गरजले. “लई मायाळू हाय!”

मालनबाईंनी काकुळतीनं हात जोडले.

“राम राम, ताई!” दत्तोबांनीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हातानं ‘मागे घ्या, मागे घ्या’ अशी खूण केली. दत्तोबांना वाटलं, बाई बोलावतायत. ते खाली उतरून आले आणि त्यांच्याबरोबर सरदारही आणखी दोन पावलं पुढे आला. तिसऱ्या दिवशी दत्तोबांनी गावाला सांगून टाकलं, की सोसायटीतली बाई मुकी हाय बिचारी. तेव्हापासून ते मालनबाईंशी दुप्पट मोठ्यानं आणि हातवारे करून बोलू लागले.

परतताना बोलायची मुभा होती, पण तोवर दत्तोबा सरदारला जीपमध्ये घालून प्लॉटवर गेलेले असत. शेवटी मालनबाईंनी रात्रीच चिठ्ठी लिहून ठेवली. ‘कृपया आपला कुत्रा बांधून ठेवावा.’ सकाळी ती दत्तोबांच्या हातात दिली. त्यांच्याजवळ चष्मा नव्हता. मुक्या बाईचा कागद म्हणजे काय असतो, हे त्यांनी एसटी स्टँडवर पुष्कळदा पाहिलं होतं. त्यांनी गहिवरून चिठ्ठी परत केली आणि वर दहाची नोट ठेवली. मालनबाईंनी ती देवाच्या पेटीत टाकली.

“आई, तुम्ही हल्ली खूप टेन्स दिसता,” अपेक्षा म्हणाली. “मॉडेम त्रास देतो का?”

“नाही वं बाई. गुणाचा आहे तो,” मालनबाई म्हणाल्या. पोटुशीला काय सांगायचं!

एकोणिसाव्या सकाळी सरदारनं मॉडेमला मानेच्या पट्ट्याला धरून अलगद उचललं आणि तो पळत सुटला. मालनबाईंनी साखळी सोडली नाही. पुढे सरदार, मध्ये अधांतरी मॉडेम आणि मागे मालनबाई, अशी ही मिरवणूक चहाच्या टपरीपर्यंत गेली. परडीतली जास्वंद रस्ताभर सांडली. मॉडेमचा आवाज एकदम बंद झाला, आणि मालनबाई पोटातून ओरडल्या.

“अबे ओ बुढ्या! धर न तुह्या कुत्र्याले! जीव घेतं का माह्या लेकराचा?”

सगळी टपरी थिजली. सरदारनं मॉडेमला खाली ठेवलं आणि तो बसला. मॉडेमही बसला. धापा टाकत आलेले दत्तोबासुद्धा बाकड्यावर बसले.

“बोलली!” ते पुटपुटले. मग उठून ओरडले, “आरं, मुकी बाई बोलली! माज्या सरदारनं वाचा आनली!”

मालनबाईंनी तोंडावर हात दाबून धरला होता. अठरा दिवस. आणि आज हे.

“परत गेली का काय वाचा?” दत्तोबा घाबरले. “नारळ आना रं! चला देवळात!”

देवळाच्या पायरीवर मालनबाईंचा बांध फुटला. मॉडेमला छातीशी धरून त्या रडू लागल्या. “बाळाचं काही होणार नाही ना, बाबुराव?”

दत्तोबांच्या हातातला नारळ तसाच राहिला. “कंच्या बाळाचं?”

बाबुराव मवाळ बोलणारे नव्हते. “सूनबाईंच्या. मुक्या नाहीत त्या, व्रतात होत्या. अठरा दिवस निभावलं, ते आज तुमच्या कृपेनं मोडलं. फोडा आता नारळ.”

दत्तोबांचा चेहरा पडला. लेकीच्या बाळंतपणाच्या वेळी त्यांची बायको बायडाबाईही असेच उपास करायची. ते जन्मात बोलले नव्हते इतक्या हळू बोलले. “ऱ्हायलं किती?”

“आजची धरून तीन सकाळी.”

“त्या मी केल्या तर? सरदार बी बांधतो. शब्द देतो, ताई.”

मालनबाईंनी डोळे पुसत बाबुरावांकडे पाहिलं. “चालतं का हो असं? शास्त्रात आहे?”

“शास्त्रात नाही,” बाबुराव म्हणाले. “पण शास्त्र लिहिलं तेव्हा वाघोलीत दत्तोबाही नव्हते. देव समजून घेईल.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना दत्तोबा उठले. बिल्डरच्या माणसाचा फोन वाजला, तो त्यांनी उशीखाली ठेवला. गोठ्यातला कासरा काढून सरदारच्या गळ्यात बांधला. बायडाबाई कप घेऊन आल्या. “अवो, चा घेताय नव्हं?”

दत्तोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. बायडाबाई हातातल्या कपासकट उंबऱ्यावर बसल्या. दत्तोबांनी आवाज न करता फाटक लावलं आणि देवळाच्या वाटेला लागले.