माशा खोटं बोलत नाहीत

मटणवाल्याने सकाळी दुकानाचं दार उघडलं आणि लगेच नाक दाबलं. आत काहीतरी कुजलं होतं, आणि नेमके आजच अकरा वाजता परवान्याच्या तपासणीला साहेब येणार होते. परवाना गेला की दुकानाला कुलूप.

तीस वर्षांच्या अनुभवाने त्याने आधी फ्रीजवर संशय घेतला. हुंगून हुंगून त्याला ताज्या मटणालाही वास येऊ लागला, तेव्हा निम्मा माल त्याने फेकून दिला. मग ओटा घासला, सुऱ्या उकळल्या, मोरीत फिनेलची अख्खी बाटली रिकामी केली. वास काही जागचा हलेना. शेवटी त्याने अंगातला सदराही बदलून पाहिला.

बायको डबा घेऊन आली, तिच्या मागोमाग साहेबही. त्यांनी मटण पाहिलं, ओट्यावरून बोट फिरवलं आणि खिडकीपाशी जाऊन थांबले. तिथे माशांची झुंबड उडाली होती.

"माल ताजा दिसतोय तुमचा," ते म्हणाले, "पण माशा खोटं बोलत नाहीत."

मटणवाला खालीच बसला. बायको मात्र खिडकीतल्या कुंडीकडे बघत राहिली. नणंदेने दिलेल्या त्या रोपाला रात्रीतून पहिलं फूल आलं होतं. तळहाताएवढं, पाच पाकळ्यांचं, मांसाच्या रंगाचं, वर बारीक लव.

"साहेब, जरा वाकून हुंगा बरं."

साहेब वाकले आणि डोळे पुसतच वर आले.

नणंदेने तिला सगळं आधीच सांगितलं होतं, पण नणंदेचं बोलणं मनावर घ्यायची तिला सवय नव्हती. आता तिने ते शांतपणे साहेबांना समजावलं. या फुलाला माशा हव्या असतात, म्हणून ते सडक्या मांसाचा वास सोडतं. माशी अंडी घालायला येते, जाताना तिच्या पायाला पराग चिकटतात आणि ते दुसऱ्या फुलावर पोचतात. तिने फुलाच्या मधोमध चिकटलेली पांढरी अंडीही दाखवली. ती फुटल्यावर पिल्लांना मात्र खायला काहीच मिळत नाही.

"म्हणजे फसते बिचारी," साहेब हळहळले.

"माशीचं काय घेऊन बसलात, साहेब. हे तीस वर्षं मटण विकतायत."

साहेबांपुढे आता वेगळाच पेच होता. वास, माशा आणि अंडी, तिन्ही सापडल्यावर नियमाप्रमाणे काहीतरी जप्त करायलाच हवं. बराच विचार करून त्यांनी तपासणीच्या अहवालात लिहिलं, 'नासका माल : फूल, नग एक. जप्त.' खाली परवान्याचा शिक्का मारला.

कुंडी छातीशी धरून ते दारापर्यंत गेले आणि तिथेच घुटमळले.

"वहिनी," ते आवाज खाली आणून म्हणाले, "याला पाणी किती दिवसांनी घालायचं?"