मागचं चाक वर, हात मात्र खाली

मोटरसायकलच्या चेनला तेल घालायला मेकॅनिक लागतो, असं समजणाऱ्या माणसांची मला कीव येते. म्हणजे यायची. गेल्या गुरुवारपर्यंत यायची!

मी बुद्धभूषण ओव्हाळ. राहायला निगडीत, नोकरी चाकणला. असेंब्ली लाइनवर बारा वर्षं नट आवळतोय. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून सकाळीच जाहीर केलं, "आज चेन साफ करणार. घरच्या घरी!"

"अहो, कोपऱ्यावर गॅरेज आहे," दीक्षा म्हणाली.

"ज्याच्या हाताखालून रोज दोनशे चाकं जातात, त्याला तू गॅरेज दाखवतेस?"

"चाकं जातात हो. तुम्ही फक्त नट आवळता ना?"

बायकोशी तांत्रिक चर्चा करू नये. मी खाली आलो.

आता अडचण अशी, की चेन साफ करायची तर मागचं चाक हवेत पाहिजे, म्हणजे ते फिरवता येतं. आणि माझ्या गाडीला डबल स्टँड नाही. पण मोबाईलवर एकाने सोपी युक्ती दाखवली होती. गाडी साईड स्टँडवर कलती करायची, चाक उचललं गेलं की पलीकडून टेकू लावायचा. झालं! मी जुन्या पलंगाचा पाय टेकू म्हणून लावला. चाक उचललं गेलं. एका बोटाने फिरवलं, तर सुदर्शन चक्र!

त्या व्हिडिओवाल्याने पुढचा ब्रेक दोरीने बांधला होता. मी तेवढं सोडून दिलं. सपाट पार्किंगमध्ये गाडी जाणार कुठे?

वासासाठी तोंडाला रुमाल बांधला, बाटलीतलं डिझेल ब्रशवर घेतलं आणि गाडीच्या डाव्या बाजूला बसलो. माझ्या पाठीशी ज्योतीरामकाकांची कार होती. काका तळमजल्यावर राहतात, कंपनीतून रिटायर झालेत. आयुष्यातली पहिली कार त्यांनी आदल्याच दिवशी आणली होती. बॉनेटवरचा झेंडूचा हारसुद्धा सुकला नव्हता!

मी चाकाला जोरात हिसका दिला.

गाडी चार इंच पुढे सरकली. साईड स्टँड मिटला. टेकू उडाला. आणि दीडशे किलोची मोटरसायकल सरळ माझ्या अंगावर! मी कसा उठलो ते मलाही ठाऊक नाही, पण उठलो आणि तिला छातीवर झेललं. माझी पाठ कारच्या दाराला टेकली. डिझेलची बाटली लवंडून घरंगळत कारखाली गेली.

आणि तेव्हा आठवलं, पँटच्या मागच्या खिशात पाना आहे! लोखंडी, चौदा नंबरचा. मी हललो, की पाना काकांच्या दारावर रेघ ओढणार. नाही हललो, तर गाडी माझी चटणी वाटणार.

काकांना हाक मारावी, तर ते आधी काय बघणार? दार! दीक्षाला हाक मारावी, तर ती तिसऱ्या मजल्यावर, आणि रुमालातून आवाज निघतो म्हशीसारखा.

शिट्टी वाजली. समोर खंडू, कालच रुजू झालेला वॉचमन. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पेटलेली बिडी.

"ए! कोन हाय रं तू?"

"मी इथलाच!"

"इथला? मंग त्वांड का बांधलंय? आन् ह्यो वास..." त्याने खाली बघितलं. "डिझेल! काकांची गाडी पेटवतूस व्हय? हात वर!"

"भाऊ, हात वर केले तर गाडी जाईल!"

"कंची गाडी?"

"दोन्ही!"

"हात वर म्हनतो ना!"

"करतो, सगळं करतो! पण आधी ती बिडी विझवा!"

"का रं? पेटवायला तर तूच आलायस न्हवं?"

डिझेल बिडीने पेटतं का, हे मला माहीत नव्हतं. शोधून काढायची इच्छाही नव्हती. माझे डोळे त्या ठिणगीला चिकटले. राख लांबत होती. खंडूची बोटं हलत होती.

इतक्यात माझ्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. खंडूने बिडी दातात धरली, फोन काढला आणि स्पीकर लावला.

"अहो, खाली शिट्ट्या वाजतायत!" दीक्षाचा आवाज. "कुणी चोर शिरलाय वाटतं. तुम्ही मध्ये पडू नका हं!"

"बाई, चोर मीच धरलाय," खंडू म्हणाला.

"अगंबाई! सोडू नका त्याला, दोन द्या चांगल्या! पण... हा फोन तुमच्याकडे कसा?"

"चोराच्या खिशातनं काढला."

दीक्षाने आवाज खाली आणला.

"त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय का हो?"

"व्हय."

"आलेच!"

दीक्षा अनवाणी धावत आली. तिने आधी बिडी विझवायला लावली, मग दोघांनी मिळून मोटरसायकल उचलली. मी बाजूला झालो आणि तिथेच फतकल मारून बसलो.

गडबड ऐकून काका बाहेर आले. माझ्याकडे न बघता दारापाशी गेले, चष्मा चढवला, वाकले. काकांनी दारावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. रेघ नव्हती! त्यांनी मान वर केली तेव्हा डोळे पाणावले होते.

"मोटरसायकल माझ्या कारवर पडत होती," ते गहिवरून म्हणाले, "आणि हा माणूस मध्ये उभा राहिला! स्वतःच्या छातीवर घेतली! अहो, सख्खा भाऊ करणार नाही!"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. दीक्षाने असा चिमटा काढला, की मिटलं.

काका साठी उलटल्यावर ड्रायव्हिंग शिकलेत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांची त्यांच्याशी अजून नीट ओळख व्हायची आहे. पण आता मला सकाळची शिफ्ट नसली, की रोज कार बाहेर काढताना ते खालून हाक मारतात, "बुद्धभूषण, जरा मागे येऊन उभे राहता का? तुम्ही असलात, की गाडीला भीती नसते!"

गाडीला नसते हो!