लोखंडी हाताचं तेलपाणी

आधीच सांगून ठेवतो, त्या काळी सबंध अकोल्यात यंत्रातलं माझ्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता! कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, म्हणजे आमच्या बोलीत जिनात, मी फिटर होतो. जिनाचा साहेब डिग्री घेऊन आलेला, पण मशीन अडलं की तोही कपाळावरचा घाम पुसत म्हणायचा, "देवमनला बोलवा." मी जायचो, मशीनला कान लावायचो, एक टोला द्यायचो, की मशीन सुरू! टोला कुठे द्यायचा यालाच तर ज्ञान म्हणतात.

साल त्रेसष्ट असेल. एका मासिकात मी चित्र पाहिलं. परदेशात अणूच्या कारखान्यात काही ठिकाणी माणसाला जवळ जाता येत नाही. म्हणून जाड काचेच्या अलीकडे माणूस बसतो, आणि काचेपलीकडे दोन लोखंडी हात त्याच्या हाताबरहुकूम हालतात. उचलतात, ठेवतात, बाटलीचं बूच काढतात! त्याच संध्याकाळी मी ओट्यावर जाहीर करून टाकलं की उद्या ऑपरेशनंसुद्धा अशीच होणार. डॉक्टर एका खोलीत बसेल, लोखंडी हात दुसऱ्या खोलीत पोट फाडेल. गल्लीतल्या सगळ्यांना पटलं. फक्त माझी बायको शकुन आतून म्हणाली, "मंग तुमचं त्याच्याच हातानं करायचं हाय का?"

त्या प्रश्नाकडे मी लक्ष दिलं नाही. तुम्हीही देऊ नका.

अशात दर्यापूरहून माझी मनकर्णा आत्या आली. मला आई नव्हती, तिनंच वाढवलं. जन्मभर तिनं जिनात मजुरी केली होती. एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकून पिकून फुटला आणि तो डोळा कायमचा गेला. आता दुसऱ्यातही पांढरं उतरलं होतं. उजेड-अंधार कळायचा, माणूस सावलीसारखा दिसायचा. तिच्या गोधड्या साऱ्या दर्यापुरात नावाजलेल्या, पण आता सुईत दोरा ओवून घ्यायला शेजारणीची वाट पाहत बसावी लागायची. "आंधळी झाली त मले कोनाच्या दारात बसवसान?" असं ती एकदा सहज बोलून गेली. मला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

मी तिला डॉक्टर पळसोकरांकडे नेलं. डोळ्यापासून पोटापर्यंत सगळी ऑपरेशनं ते स्वतः करायचे. त्यांनी बॅटरी मारून डोळा पाहिला आणि सांगितलं की मोतीबिंदू आठ दिवसांत काढू, उशीर केला तर हाही डोळा पहिल्याच्या वाटेनं जाईल. मग आत्यासाठी चहा मागवला आणि स्वतःही घेतला. तिथंच सगळं बिनसलं.

आत्याला दिसत नव्हतं, पण कान मांजरीचे! बाहेर येताच तिनं माझं मनगट धरलं.

"देवमन, डॉक्टरच्या हातातली कपबशी खडखड वाजून राहिली होती. ज्याले बशी सांभाळत नाई, तो माया डोया काय सांभाळन? चाल घरी."

मी समजावलं. शकुननं समजावलं. शेजारच्या पार्बताबाईंनी त्याच डॉक्टरांकडून मोतीबिंदू काढून घेतलेला आपला डोळा पुढे करून समजावलं. आत्या ढिम्म! तिचं म्हणणं एकच. जन्मभर ती जिनात राबली. जिनात बोट गेलं ते दर वेळी माणसाच्या चुकीनं. मशीन चुकत नाही, चुकतो तो माणूस.

आता सांगा, असं वाक्य ऐकल्यावर माझ्यासारखा फिटर गप्प बसेल? मी म्हणालो, "आत्या, डॉक्टर हात लावतच नाहीत. आता मशीन आलं आहे. लोखंडी हात! डॉक्टर फक्त बाजूला उभे राहतात."

आत्याचा चेहरा उजळला. मशीन दाखव म्हणाली. दाखव म्हणजे अर्थातच हाताला लावून दे. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जेवायला गेलेले पाहून मी तिला ऑपरेशनच्या खोलीत नेलं. टेबलाच्या वर एक मोठा दिवा होता, भिंतीतून निघालेल्या लोखंडी दांडीवरचा. दांडीला दोन सांधे, हवी तशी वळवता येणारी. मी आत्याचा हात त्या दांडीवर ठेवला. तिनं दंड चाचपला, कोपर चाचपलं, दांडी हलवून पाहिली. दांडी कुरकुरली.

"कोपर कोरडं हाय याचं," आत्या म्हणाली. "तेल कोन घालते?"

"रोज घालतात," मी म्हणालो.

"नाई घालत. आवाज सांगते."

माझ्यातला फिटर सुखावला. माझ्यातल्या भाच्यानं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं! कारण जिनातली रीत मला ठाऊक होती. हंगामाच्या पहिल्या दिवशी मशीनला तेल दिल्याशिवाय पट्टा चढवायचा नाही, आणि हे काम आत्याकडे असायचं. तिच्या हातचं तेल लागलं की हंगामभर कुणाला इजा होत नाही, असं सारं जिन मानायचं.

ऑपरेशनच्या सकाळी सगळं कसं छान चाललं होतं. सिस्टरनी आत्याला लुगड्यावरूनच पांढरा झगा घातला, डोळ्यात थेंब टाकले, टेबलावर बसवलं आणि त्या हात धुवायला गेल्या. शेजारी उकळून काढलेली हत्यारं पांढऱ्या फडक्यावर मांडलेली. मी दाराबाहेर उभा राहून भिंतीवरची सूचना वाचत होतो. इतक्यात आतून सिस्टरची किंकाळी आली.

धावत जाऊन पाहतो तो आत्या टेबलावर उभी! एका हातानं दिव्याची दांडी धरलेली, दुसऱ्या हातात माझ्या कामाच्या पिशवीतली तेलाची कुपी. झग्यात कधी लपवून आणली देव जाणे. दोन्ही सांध्यांना तिनं जिनाच्या हिशेबानं तेल पाजलं होतं. ते काळं तेल दांडीवरून दिव्यावर, दिव्यावरून पांढऱ्या चादरीवर आणि चादरीवरून चिमट्या-कात्र्यांवर टपटप गळत होतं.

डॉक्टर हात वर धरून आत आले आणि तसेच थांबले. आत्या शांतपणे म्हणाली, "झालं जी. आता कुरकुरनार नाई. चालू करा मशीन."

"कोणतं मशीन?" डॉक्टरांनी विचारलं.

"हेच. लोखंडी हात. माया भाचा फिटर हाय, त्यानं सारं सांगतलं मले."

डॉक्टरांनी दिव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगलं होतं, नुकताच चुना मारलेला.

डॉक्टर खोटं बोलणारे नव्हते. तो दिवा आहे, एवढंच ते म्हणाले. आत्यानं कुपी खाली ठेवली. तिला उतरवायला मी पुढे झालो, तर तिनं माझा हात झटकला आणि चाचपडत स्वतःच उतरली. दाराऐवजी कपाटाकडे निघाली, कपाटाला कपाळ आपटलं, तिथंच थांबली. रडली नाही. माझ्याकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "लहानपनी तू अंधाराले भ्यायचा. मी तुले खोटं नाई सांगतलं, जवळ बसली."

सारं अकोलं मला हुशार म्हणत होतं आणि माझ्या हुशारीपायी माझ्या आत्याचा डोळा जायची वेळ आली होती.

डॉक्टरांनी हत्यारं पुन्हा उकळायला सांगितली. आत्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि सवयीनं चहा मागवला. झालं! कपबशी वाजायला लागली. मी मनातल्या मनात त्या चहावाल्याचा उद्धार केला.

"वाजते ना?" डॉक्टरच म्हणाले. "मनकर्णाबाई, चहा पिताना माझं मन चहात नसतं. काम हातात घेतलं की सगळा मी तिथं असतो."

आत्यानं पोलक्याला टोचून ठेवलेली गोधडीची सुई काढली, पदरातून दोऱ्याचं रीळ काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे धरलं. डॉक्टरांनी दोरा ओवला. आत्यानं सुईच्या नाकावरून बोट फिरवलं, दोरा ओठाला लावून पाहिला, उपसून टाकला आणि सुई परत दिली. डॉक्टरांनी पुन्हा ओवला. तिनं पुन्हा उपसला. सिस्टर घड्याळाकडे पाहायला लागल्या, पण डॉक्टर शाळेतल्या मुलासारखे तिसऱ्यांदा ओवत बसले. नेम एकदाही चुकला नाही.

"आन हा म्हनते ते लोखंडी हात? ते बी खोटंच?"

"ते खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "परदेशात आहेत. पण काचेच्या या बाजूला माणूस हात हालवतो, तेव्हाच पलीकडे ते हालतात. उद्या त्या हातांनी मोतीबिंदूही काढतील, कोण जाणे! माणसाच्या हाताची थरथर गाळून टाकणारं यंत्रही निघेल. पण तुमचा डोळा तोवर थांबणार नाही."

"म्हंजे त्याच्या मांगं बी मानूसच बसते?"

"माणूसच."

"मंग मधात लोखंड कायले पाह्यजे?" आत्या उठली. "चाला. तुमचाच हात चालन."

ऑपरेशन झालं. पट्टी बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आत्याला निजवलं. त्या दिवसांत मी तिच्या उशाशी बसलो. खोटं काही सांगितलं नाही, नुसता बसलो.

पट्टी सोडायच्या दिवशी आम्ही सगळे खाटेभोवती उभे. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा तिच्या डोळ्यावर धरला. आत्यानं आधी डॉक्टरांचे हात पाहिले, उलटे-सुलटे करून पाहिले. मग शकुनला पाहिलं आणि वाळली म्हणाली. मग मला जवळ बोलावलं. माझे डोळे भरून आले. मी तिच्या पाया पडायला वाकलो.

"थांब," आत्या म्हणाली. "वाकताना जांघेवर हात काहून दाबून धरते रे तू?"

मी हात काढला. तोवर शकुन बोलून मोकळी झाली होती! किती वर्षांपासून अंतर्गळ, म्हणजे हर्निया, आहे, धोतराखाली कसा पट्टा बांधतो, डॉक्टरचं नाव काढलं की कसा जिनात पळतो, सगळं! डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. छत याही खोलीतलं चांगलं होतं.

"मी, म्हणजे, त्या लोखंडी हाताची वाट पाहून राहिलो होतो," मी म्हणालो.

"सिस्टर," आत्या म्हणाली, "याले घ्या आत. जवळ मी बसतो."

चारच दिवसांनी मी त्याच टेबलावर, त्याच दिव्याखाली आडवा होतो. उशाशी आत्या, जाड चष्म्यातून माझ्याकडे टक लावून. दिव्याची दांडी सिस्टरनी वळवली, अजिबात कुरकुरली नाही. आत्याच्या हातचं तेल! मला जरा धीर आला. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून कपबशीची खडखड ऐकू आली.

मी हळूच आत्याला विचारलं, "सुईदोरा आणला आहेस ना?"